संगमाकडची बिनमोटारीची वाट

धंतोलीतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात रुपराव भोयर केसपेपर काढायला बसत. नाव, गाव, वय विचारायचं, चिठ्ठी हातात द्यायची आणि बाकाकडे बोट करायचं, एवढंच काम. आवाज इतका हळू की बाहेरगावच्या म्हाताऱ्या दोनदोनदा "काय म्हणता जी?" म्हणून पुढे वाकत. माणूस सज्जन, पण भित्रा. आपण भित्रे आहोत हे ते स्वतःच सांगत, त्यामुळे त्यांना चिडवण्यात कोणाला फारशी मजा येत नसे. अपवाद एकट्या बाबारावांचा. बाबाराव त्याच दवाखान्यात एक्स-रे काढत आणि दिवसातून एकदा तरी रुपरावांच्या खुर्चीमागे येऊन तोंडानं हॉर्न वाजवत. रुपराव दचकत, हातातला पेन खाली पडे.

ते जन्मापासून असे नव्हते. एकोणसत्तर सालापर्यंत ते आणि त्यांचे मित्र नत्थूजी कामठी रोडनं सायकली जोडीनं हाणत असत. एका सकाळी मागून ट्रक आला. रुपरावांच्या दंडाला नुसता गरम वारा लागला आणि शेजारी बोलत असलेला माणूस बोलता बोलता नाहीसा झाला. "परवा सासुरवाडीले," एवढंच नत्थूजी म्हणाले होते. परवा सासुरवाडीला काय होतं, हे रुपरावांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं सायकल ओसरीत उभी राहिली. रुपराव गल्लीबोळांतून पायी दवाखान्यात जात. रस्ता ओलांडायचा म्हटलं की मान ताठ होई आणि समोरचा रस्ता रिकामा असला तरी पाय उचलत नसे. बसमध्ये बसले तर डोळे घट्ट मिटून घेत. शेवटी बायकोच, जिजाबाई, एक दिवस म्हणाली, "काहून असा जीव जाळता जी? माह्या माहेरच्या गावाले पांदणीनं जाता येते. पांदणीत कोणता ट्रक येऊन राहिला?"

तिचं माहेर खापरखेड्याच्या अंगाला, नदीकाठी. रुपरावांनी सायकलीत हवा भरली आणि एका रविवारी शहराची शेवटची घरं संपतात तिथून पांदणीत शिरले. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, मधून बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या. अर्धा मैल गेले आणि परत आले. पुढच्या रविवारी एक मैल. कुठं दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून, कुठं रेल्वेलाईनच्या कडेच्या पायवाटेनं, कुठं सायकल खांद्यावर घेऊन नाल्यातून, असं करत करत चार वर्षांत त्यांनी अकरा मैलांची वाट जुळवली. ती जाई थेट संगमापर्यंत, जिथं कोलार आणि पेंच कन्हानला येऊन मिळतात. साऱ्या वाटेत डांबरी सडक एकदाच आडवी येई. तिथं ते उतरत, कान देऊन उभे राहत आणि आवाज पार विरल्यावर धावत पलीकडे जात.

त्या वाटेवर ते सुखात असत असं नाही. कुत्र्यांची भीती होतीच, गवतातल्या सापांची होती. सगळ्यात जास्त पाण्याची होती. नदीपाशी पोचले की आधी एक काडी पाण्याच्या काठाला रोवत आणि दर थोड्या वेळानं ती पाहून येत. पण या भीतींपुढे पाय उचलत होता, आणि तेवढंच त्यांना पुरे होतं.

शहात्तर सालच्या भादव्यात दवाखान्यातल्या नर्स इंदुताई म्हणाल्या, "रुपरावजी, तुमची ती वाट आम्हाले दाखवा ना. संगमावर रोडगे करू." औषधं देणारा ताराचंद लगेच तयार झाला. बाबारावही निघाले. त्यांनी नुकतीच नवी सायकल घेतली होती आणि तिच्या दांडीला बसवलेलं कापडी कव्हर कोणाला हात लावू देत नव्हते.

रविवारी चौघं सकाळीच निघाले. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. संगमाजवळ नदीच्या मधोमध वाळूचं लांबट बेट उघडं पडलं होतं. अलीकडच्या धारेत पाणी गुडघ्याएवढंच. रुपरावांना काठावर थांबायचं होतं, पण बाबाराव सायकल डोक्यावर घेऊन केव्हाच पलीकडे पोचले होते. मग सगळेच सायकली घेऊन गेले. ताराचंदनं गोवऱ्या पेटवल्या, इंदुताईंनी कणकेचे गोळे वळले. रुपरावांनी बेटाच्या काठाला, पाण्यापासून वीतभर वर, काडी रोवली.

रोडगे निखाऱ्यात घातल्यावर ते काडी पाहायला गेले. काडी पाण्यात उभी होती.

त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. पण लगेच मनात आलं, आपल्याला तर रिकाम्या सडकेवरही ट्रक दिसतो. आपल्या भीतीवर कोणी काय म्हणून विश्वास ठेवावा? आपण तरी का ठेवावा? त्यांनी आणखी वर दुसरी काडी रोवली आणि उकिडवे बसून शंभरपर्यंत आकडे मोजले. मघाशी तळ दिसत होता ते पाणी आता चहासारखं झालं होतं, त्यावर फेस आणि वाळका पालापाचोळा येत होता. नव्वदच्या आसपास दुसरी काडी कलंडली आणि वाहून गेली.

"पाणी चढून राहिलं," ते येऊन म्हणाले. "निघा. आत्ताच निघा."

बाबाराव वाळूवर आडवे झाले होते. "पाणी नाही गा, तुमची भीती चढून राहिली. आभाळात ढगाचा ठिपका तरी दिसते का?"

"इथं नसन पडला पाऊस. वर छिंदवाड्याकडं पडला असन."

"रोडगे तर होऊ द्या."

रुपरावांनी इंदुताईंची सायकल उचलून खांद्यावर टाकली, दुसऱ्या हातानं इंदुताईंचं मनगट धरलं आणि चालू लागले. चार माणसांत त्यांनी कधी कोणाचा हात धरला नव्हता. इंदुताईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट निघाल्या. ताराचंद दोन सायकली घेऊन मागं आला, स्वतःची आणि रुपरावांची.

गुडघ्याएवढी धार कमरेला लागत होती. पायाखालची वाळू सरकत होती. इंदुताईंना पोहता येत नव्हतं, त्या मोठ्यानं श्वास घेत होत्या आणि रुपराव पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "पाय घासत टाका, उचलू नका." ते त्यांना सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. काठ लागला तेव्हा ते तसेच चिखलात बसले.

मागं पाहिलं तर बेट निम्मं उरलं होतं. निखाऱ्यांवर पाणी येऊन धूर उठला होता. बाबाराव आता धारेत उतरले होते, छातीपर्यंत पाण्यात, आणि नवी सायकल दोन्ही हातांनी कवटाळून होते. प्रवाह सायकलीला ओढत होता आणि सायकल त्यांना.

"सायकल सोडा," ताराचंद ओरडला. बाबारावांना ऐकू गेलं की नाही, त्यांचे डोळे नुसते विस्फारले होते.

रुपराव उठले. पुढं ते कधी हे सांगत तेव्हा म्हणत, "मी गेलो नाही, पाय गेले." पण तसं नव्हतं. पाय मागे येत होते, त्यांना ते रेटून पुढे नेत होते. इंदुताईंनी पदर सोडून लुगड्याचं टोक ताराचंदच्या हातात दिलं, ताराचंदनं दुसऱ्या हातानं रुपरावांचा सदरा धरला. रुपराव छातीएवढ्या पाण्यात गेले. त्यांनी बाबारावांची बोटं हँडलवरून एकेक करून सोडवली.

"मलेही भेव लागून राहिलं बाबाराव," ते म्हणाले. "सोडा आता."

सायकल एकदा उभी राहिल्यासारखी दिसली आणि गेली. पाव तासानं बेटही दिसेनासं झालं.

खरी अडचण त्यानंतर आली. नदीचं पाणी आत शिरून वाटेतला नालाही भरला होता, म्हणजे पांदण बंद. शहराकडं जायला उरली ती डांबरी सडक. नाल्याच्या पुलावरून पलीकडं जाऊन पुन्हा पांदणीला लागेपर्यंत चार मैल तिच्यावरूनच जायचं होतं. पहिला ट्रक आला तसे रुपराव सडकेखालच्या चरात, खंतीत उतरले. ओल्या कपड्यांत त्यांना हुडहुडी भरली होती, दातांवर दात आपटत होते. "तुम्ही जा," ते म्हणाले. "मी नाला उतरल्यावर येतो. उद्या येतो."

कोणी हसलं नाही. इंदुताई आणि ताराचंद सायकलींवरून पुढं गेले, जिजाबाईला निरोप द्यायला. बाबाराव खंतीत उतरले, रुपरावांची सायकल एका हातानं धरली आणि म्हणाले, "मी सडकेच्या अंगानं चालतो. तुम्ही माह्या डाव्या बाजूनं चाला."

चार मैलांना त्यांना तीन तास लागले. ट्रक आला की दोघं थांबत. बाबाराव मध्ये उभे राहत, रुपराव डोळे मिटून त्यांच्या ओल्या सदऱ्याचा पाठीमागचा भाग मुठीत धरत. ट्रक गेला की बाबाराव म्हणत, "गेला," आणि मगच रुपराव डोळे उघडत. एकदा तीन ट्रक लागोपाठ आले तेव्हा रुपरावांना खाली बसून ओकारी झाली. बाबाराव त्यांची पाठ चोळत राहिले.

रुपरावांची भीती त्या दिवसानं गेली नाही. ते त्यानंतरही सडकेवर सायकल घेऊन कधी चढले नाहीत. मात्र दवाखान्यातला हॉर्न बंद झाला आणि हिवाळ्यात दर रविवारी तीनचार माणसं त्यांच्यामागं पांदणीत शिरू लागली. त्यांनी थांबा म्हटलं की सारे थांबत. पुढं ऐंशीच्या सुमारास त्या पांदणीवर मुरूम पडला, रेतीचे ट्रक फिरू लागले आणि ती वाट त्यांना सोडावी लागली. महिनाभर ते रविवारी घरीच बसले. मग कळमेश्वरच्या बाजूला नवी वाट शोधायला लागले.

ती जुळायला दोन वर्षं लागली. त्र्याऐंशी साली बाबारावांच्या मुलीचं लग्न कळमेश्वरला झालं तेव्हा सगळे बसनं गेले आणि रुपराव त्या वाटेनं. पोचेस्तोवर अक्षता पडून पंगतीही उठल्या होत्या. पायजम्याला काटे, कपाळावर घामाचे ओघळ. बाबाराव मांडवाच्या दाराशी त्यांची वाट पाहत उभे होते. त्यांनी सायकल आपल्या हातात घेतली, सावलीला लावली आणि म्हणाले, "चला, मीही जेवायचा राहिलो."