एंजल माशांसाठी पाडलेला पाऊस

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी आमच्या घरात माझ्या फोटोला हार घातला गेला. मी त्या वेळी बाथरूममध्ये झारीत पाऊस भरत होतो.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही रडायला याल.

आमचे आप्पा ऐन विशीत धुळ्याकडून सुरतेला आले आणि कडोदऱ्याच्या एका लूमच्या कारखान्यात तीसेक वर्षं मागांच्या खटखटाटात उभे राहिले. त्यामुळे हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, आणि स्वतःहून ते बोलत नाहीत. काम सोडलं तेव्हा शेठने त्यांना ऑफिसातली माशांची काचेची पेटी दिली. (बाकीच्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळतं. पण आप्पा चहाच्या सुट्टीत चहा न पिता त्या पेटीपुढे उभे राहायचे, हे शेठने पाहिलं होतं.) पेटीत दोन एंजल. चपटे, चांदीच्या रंगाचे, वर-खाली लांब झुळझुळीत पंख. कुणीतरी भारी साडीच्या पदराचे दोन तुकडे पाण्यात सोडावेत आणि ते बुडायचंच विसरून जावेत, तसे!

पेटीचा निळसर उजेड भिंतीवर हलत राहायचा. आप्पा समोर मांडी घालून बसायचे. मी मिलमधून दमून आलो की त्यांच्या शेजारी टेकायचो. मासे इकडून तिकडे, आमच्या माना इकडून तिकडे. बाहेर रिक्षा, टेम्पो, भोंगे, सगळी सुरत आपल्या जागी. आत आम्ही दोघं पाण्याच्या तळाशी बसल्यासारखे.

अशाच एका संध्याकाळी आप्पा म्हणाले, "यास्ले पिलं व्हतीन का रे?"

मी चमकलो. मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. बी. एस्सी., केमिस्ट्री. कापड रंगवणाऱ्या मिलच्या लॅबमध्ये नोकरीला. पण जन्मात कधी आप्पांनी मला काही विचारलं नव्हतं. निकालाच्या दिवशी "चांगलं व्हयनं" म्हणाले आणि जेवायला बसले. आमच्या समाजाने गुणगौरव सोहळ्यात मला अ‍ॅक्रिलिकची हातभर उंच पाटी दिली. वर माझा कोटातला फोटो, खाली नाव, त्याखाली पदवी. आई ती पेटीच्या झाकणावर ठेवून रोज पुसायची. (देव एक दिवसाआड!) आप्पांनी मात्र ती एकदाही हातात धरलेली मी पाहिली नव्हती. आणि आज ते मला प्रश्न विचारत होते!

"व्हतीन ना, आप्पा!" मी छाती काढून म्हणालो. "सायन्स आहे ते!"

मग मी वाचायला बसलो. कळलं ते असं, की मासे उगाच अंडी देत नाहीत. चांगला मोसम आला, पाणी वाढलं, खायला भरपूर आहे, अशी त्यांची खात्री पटावी लागते. मी आठ ओळींचं टिपण काढलं. पाणी कोमट, हलकं, किंचित आंबट. खुराक तगडा. उजेड मंद. आवाज नाही. आणि अधूनमधून वरून पावसासारखं ताजं पाणी. म्हणजे मला सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या दोन खोल्यांत अमेझॉनचं जंगल उभं करायचं होतं. एवढंच!

खुराकापासून सुरुवात केली.

"भूषण, फ्रीजमध्ये हे लाल लाल काय आहे?" आईने विचारलं.

"अळ्या."

"कोथिंबिरीच्या शेजारी?"

"डबा बंद आहे गं."

"हां, मग ठीक. कोथिंबीर घाबरायची नाही!"

मग मी पडदे ओढले. टीव्ही बंद केला. सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं ठरवलं. (म्हणजे आप्पांशी संभाषण संपलंच.) शेवटी फोडणीवर बंदी घातली, कारण तेलाचा धूर पाण्यावर बसतो.

"फोडणी नाही?" आई कुजबुजली. कुजबुजीतही तिचा आवाज फोडणीसारखाच चरचरतो. "मग मी चूलच पेटवत नाही. आण तुझ्या मेसचे डबे!"

आणलेही. आठवडाभर आमच्या अंधाऱ्या घरात सकाळ-संध्याकाळ बाहेरून डबा येत होता. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन जिन्यात भेटल्या. "भूषणभाई, घरमां बधुं बराबर छे ने?" मी ओठावर बोट ठेवलं, मान खाली घातली आणि वर निघून आलो. बोललो असतो तर आवाज झाला असता ना!

त्याच दिवशी कडोदऱ्याहून सुमनमावशीचा, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीचा, फोन आला. आईने माझ्याकडे बघत पुटपुटून सांगितलं, "आमची चूल बंद आहे गं. मग बोलते." आणि फोन ठेवला.

आता आमच्या खान्देशात चूल कधी बंद असते, बाहेरून जेवण कधी येतं, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. घरात कुणी गेलं की. फक्त मलाच ते आठवलं नाही. मी बी. एस्सी. होतो.

रविवार उजाडला. आई शेगडी घेऊन गच्चीवर कुरडया घालायला गेली. आप्पा आतल्या खोलीत झोपले होते. मी पेटीचं झाकण काढलं, झाकणावरची माझी पाटी पेटीच्याच कडेवर भिंतीला टेकवून उभी केली आणि बाथरूममध्ये जाऊन झारी नळाखाली धरली. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं.

तेवढ्यात दोन टेम्पोंतून सुमनमावशी आणि आमचे सोळा नातेवाईक दारावर आले. दारावर येणं म्हणजे दुःखाला येणं. बायका उंबऱ्यापासूनच गळा काढतात. आत पाहिलं तर पडदे बंद, निळा मंद उजेड, आणि त्या उजेडात एक फोटो उभा. अंधारात चेहरा कोण बघतं? घरात वयाने मोठे आप्पाच, म्हणजे फोटो त्यांचाच! मावशीने झेंडूचा हार घातला आणि टाहो फोडला, "दाजीऽऽ! आमले सोडीसन कुठे गयात वं मायऽऽ!"

सतरा जणांचा तो आवाज मागांपेक्षा मोठा होता. आप्पांनाही ऐकू आला. ते डोळे चोळत बाहेर आले, बायकांच्या मागे उभे राहिले आणि समोर पाहिलं. कधी हातात न धरलेली पाटी त्यांनी अंधारात बरोबर ओळखली. पाटीवर हार!

आप्पा मटकन खाली बसले. "मना पोऱ्या!" ते हुंदके देऊ लागले. "घरमधला पयला शिकेल पोऱ्या! बी. एस्सी. व्हता वं, बी. एस्सी.!"

हे मी बाथरूमच्या दारात झारी घेऊन ऐकलं. नळ बंद करायचाही विसरलो. इतक्या वर्षांत आप्पांच्या तोंडून पदवीचं नाव ऐकायचं माझ्या नशिबात होतं, पण त्यासाठी मरावं लागेल असं वाटलं नव्हतं!

मावशी आप्पांची पाठ चोळत होती. "रडू नका दाजी, धीर धरा, दाजी..." मग तिचा हात थांबला. तिने फोटोकडे पाहिलं. आप्पांकडे पाहिलं. "दाजी?"

नेमका तेव्हाच मी पुढे झालो. अंगात पांढरं बनियन, केस ओले, हातात झारी. "शऽऽ! हळू! पाऊस पाडायचाय!"

मावशी किंचाळत जी उठली, ती पेटीवरच आदळली. पाटी हारासकट डुबुक्कन पाण्यात! माझ्या हातून झारी सुटली. बाथरूमचं पाणी हॉलमध्ये, हॉलचं गॅलरीत, गॅलरीतलं खाली. हंसाबेन धावत वर आल्या. "भाई, मारी गॅलरीमां पाणी पडे छे! अने... कोण ऑफ थई गयुं?"

"मी जित्ता शे," आप्पा म्हणाले.

"मीपण," मी म्हणालो.

गच्चीवरून आई आली, हाताला कुरडयांचा चीक. "माझ्या घरात दोन-दोन माणसं गेली आणि मलाच खबर नाही?" मग ती जी सुटली! पडदे उघडले, दिवे लावले, चूल पेटवली, सतरा जणांना चहा आणि फोडणीचे पोहे. कुणीतरी टीव्ही लावला. हंसाबेननी हार बाहेर काढला. पाटी पाण्यातच कोपऱ्यात टेकून राहिली, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मला मात्र पेटीकडे बघवत नव्हतं म्हणून मी आत जाऊन पडलो. आप्पांनी आयुष्यात एकच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर मी धूर, उजेड आणि गलक्यात घालवलं होतं.

सकाळी हाक आली. "भूषण, आठे ये."

आप्पा पेटीपुढे बसले होते. पाण्यातल्या माझ्या पाटीवर मोत्यांसारखी अंडी ओळीने चिकटवलेली, आणि दोन्ही एंजल पंखांनी त्यांना हलकेच वारा घालत होते. सकाळचं ऊन पाण्यातून भिंतीवर हलत होतं. आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. आईने चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

मी टिपण काढून पाहिलं. तिसरी ओळ: 'एंजल उभ्या, गुळगुळीत पाटीवर अंडी घालतात.' ती मी सोडून दिली होती, कारण तिच्यात केमिस्ट्री नव्हती.

"तुनं शिकेल कामले उनं रे," आप्पा म्हणाले. माझं शिक्षण कामाला आलं होतं! आणि आप्पा चक्क हसले.

पाटी अजून पाण्यातच आहे. आलेल्या प्रत्येकाला आप्पा बोट ठेवून दाखवतात, अंडी कुठे होती: सगळी नावावर आणि पदवीवर. फोटोवर मात्र एकही नव्हतं. हार घातलेल्या फोटोवर पिलं वाढवू नयेत, एवढं माशांनाही कळतं.