एकाच रोलवर दोनदा

फिल्मच्या जुन्या डबीचं झाकण उघडलं, की औषधी वास येतो आणि पुंडलिकनगरातल्या आमच्या घराची वास्तुशांती आठवते. वडिलांनी त्या दिवशी चुकून वापरलेलाच रोल पुन्हा कॅमेऱ्यात घातला. त्यावर आधी पिशोरच्या शेतात आईचे फोटो काढलेले होते, आणि आई तर घराचा पाया भरायच्या आधीच गेली होती. फोटो धुऊन आले, तर प्रत्येक खोलीत ती उभी, भिंतीतून आरपार दिसणारी, कमरेएवढ्या कापसात. वडील लई वेळ बघत राहिले, मग हळूच तिलाच म्हणाले, "आलीस व्हय घर बघायला?" आता हौसेनं घेतलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात त्याच खोल्यांचे ढीगभर फोटो आहेत, एकावर एक कधीच न चढणारे. मी ते मोठे करकरून बघतो. भिंतीत नुसती भिंतच असते.