विचारणारा आवाज

लग्न झालं आणि मी साखरशेतहून थेट पोलीस लाइनीत राहायला आले. ठाण्याचं नाव लिहीत नाही. जव्हार-मोखाड्याच्या त्या पट्ट्यातलंच होतं, एवढं पुरे. ठाण्याच्या मागे कौलारू खोल्यांची रांग होती, रांगेसमोर सगळ्यांना मिळून एक नळ होता आणि पलीकडे परेडचं मैदान. शेजारी कुणी साताऱ्याकडचे, कुणी जळगावचे. डोंगरातले आम्ही दोघंच. दार लावलं की आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, दार उघडलं की मराठीत. शेजारणी कधी हसायच्या, पण प्रेमाने. मुलगी झाली तेव्हा रांगेच्या टोकाला राहणाऱ्या हवालदारांच्या बायकोने माझं बाळंतपण केलं. तिला मी ताई म्हणायचे.

हे शिपाई होते. ठाण्यात त्यांचा खरा उपयोग बोलीसाठी व्हायचा. पाड्यावरून कुणी तक्रार घेऊन आलं, की फौजदार ह्यांनाच हाक मारायचे. आलेल्या माणसाला आपल्या बोलीत कुणीतरी विचारतंय याचं बरं वाटायचं आणि ह्यांनाही त्याचा थोडा अभिमान होता. घरी येऊन कोण आलं होतं, काय म्हणालं, ते मला रंगवून सांगायचे.

नव्वदनंतरचीच ती वर्षं. एका उन्हाळ्यात रस्त्याच्या कामावरून ठेकेदाराचं डिझेल इंजिन चोरीला गेलं. तिथल्या वॉचमनने वांगणीकडच्या एका माणसावर संशय घेतला. तो त्याच कामावर खडी फोडायला होता. त्याला उचलून आणलं, पण ठाण्यात त्याची नोंद केली नाही. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको चालत आली आणि आमच्या नळापाशी बसून राहिली. बाया तिच्या आजूबाजूने हंडे भरत होत्या. तिचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. मी बोलीत विचारलं, तशी ती दचकली. मग फडक्यात बांधलेली नाचणीची भाकर माझ्या हातात दिली आणि म्हणाली, एवढी त्याला पोचव. मी ती ह्यांच्याकडे दिली. थोड्या वेळाने भाकर तशीच परत आली. साहेब नको म्हणाले, एवढंच हे बोलले.

त्या दुपारी मी धुणं वाळत घालत होते. दोरी ठाण्याच्या मागच्या खोलीजवळून जायची. खिडकी बंद होती, तरी आतून काठीचा आवाज आला. त्यानंतर ह्यांचा आवाज, आमच्या बोलीत, अगदी सावकाश. इंजिन कुठं ठेवलंस? त्या माणसाने सांगितलं, मना ठावं नाय. पुन्हा काठी. पुन्हा ह्यांचा तोच प्रश्न. हातातलं ओलं लुगडं पिळायचं राहून गेलं. नळापाशी बसलेली ती बाई माझ्याकडे पाहत होती. मी धुणं उचललं आणि घरात जाऊन दार लावलं. मुलीला पोटाशी घेऊन बसले.

हे घरी आले ते जेवले नाहीत.

त्या माणसाचा पाय मोडला होता. त्याला सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा, पळताना दगडावर पडला, असं लिहून दिलं. पण गरिबांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेची माणसं त्याच सुमाराला दवाखान्यात दुसऱ्या कुणाला भेटायला गेली होती. त्यांनी त्याला पाहिलं आणि वरपर्यंत तक्रार केली. इंजिन तर वॉचमनच्याच मेहुण्याकडे सापडलं. प्रांतसाहेबांकडे चौकशी लागली.

मग ताईंचे यजमान, ते हवालदार, आमच्या खोलीत आले. भला माणूस. आमची खोली त्यांनीच खटपट करून मिळवून दिली होती. मी चहा टाकला. त्यांनी आधी मुलीची चौकशी केली, मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला खोटं बोल म्हणत नाही," ते म्हणाले. "'मी खोलीबाहेर होतो', एवढंच सांग. पुढचं साहेब बघतील."

हे म्हणाले, "विचारत तर मीच होतो ना. मग बाहेर कसा असेन?"

हवालदार चहा न घेता उठले.

चौकशीच्या दिवशी ह्यांनी घडलं ते सगळं सांगितलं. काठी कुणी मारली, दार कुणी लावलं, आपल्याला काय विचारायला लावलं. त्या माणसालाही दवाखान्यातून उचलून आणलं होतं. मारणारा कोण, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, पालथा पाडला होता, तोंड दिसलं नाही. मग त्याने ह्यांच्याकडे हात केला. विचारणारा हा, आवाज हाच. "त्याला खोटं कसं म्हणायचं?" हे घरी आल्यावर म्हणाले. सगळं सांगताना ह्यांचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून आल्यावर भाव सांगावेत तसा.

लाइनीत त्यानंतर कुणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मी नळावर गेले की बोलणं थांबायचं आणि माझा हंडा भरून मी वळले की पुन्हा सुरू व्हायचं. मुलगी शेजारी टीव्ही बघायला जायची. ते दार आतून लागायला लागलं. ती बाहेर उभी राहून ऐकायची, मग मीच तिला ओढून आणायचे. संक्रांतीला लाइनीतल्या बाया नटून ताईंच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या. मी पातळ नेसून तयार बसले होते. बोलावणं येईल, असं अंधार पडेपर्यंत वाटत होतं.

ह्यांना सतत बाहेरगावचे बंदोबस्त लागायचे. कुठली जत्रा, कुठली निवडणूक, कुणा मंत्र्याचा दौरा. मी आणि मुलगी खोलीत. हे घरी आले तरी फारसा फरक पडायचा नाही. कारण ह्यांनी बोली सोडली. मी बोलीत काही विचारलं की हे मराठीत उत्तर द्यायचे, दार बंद असलं तरी. पहिल्यांदा मला वाटलं, विसरून बोलतायत. मग एकदा मी म्हटलं, आपल्यातलं बोला की. हे म्हणाले, "नको. ती तोंडात आली की मला ती खोली दिसते." त्यानंतर मीही आग्रह केला नाही. माहेरी गेले की तेवढे दिवस पोटभर बोलून घ्यायचे.

फौजदार निलंबित झाले. वर्षभराने दुसऱ्या तालुक्यात पुन्हा हजर झाले. कोर्टातली केस रेंगाळत राहिली आणि शेवटी ते सुटले, कारण ठाण्यातला दुसरा एकही माणूस बोलला नाही. खात्याने त्यांची वेतनवाढ रोखली. ह्यांचीही रोखली, तीही तितकीच, कारण त्या खोलीत हेही होते. हुकूम आला त्या दिवशी मी रागाने खूप बोलले. हे म्हणाले, माझी रोखली ते बरोबरच आहे. त्यांची तेवढीच रोखली, ते नाही.

बदली झाली तेव्हा टेम्पोत सामान आम्ही दोघांनीच चढवलं. ताई आपल्या दारात उभ्या होत्या. मी हात केला. त्यांनी पदर नीट केला आणि आत गेल्या. त्यांचाही नवरा त्याच ठाण्यात होता, हे आता मला समजतं. तेव्हा फार लागलं होतं.

पुढे दोन हजार साल उलटल्यावर एकदा माहेरी जाताना मी जव्हारच्या बाजारात उतरले. डेपोजवळ एक बाई करवंदांचे द्रोण मांडून बसली होती. मी तिला ओळखलं, तेव्हा नळापाशी बसलेली तीच. तिनेही मला ओळखलं. मी बोलीत भाव विचारला, ती बोलीत बोलली. तिच्या माणसाबद्दल मीच विचारलं. पाय वाकडाच जुळला, म्हणाली. डोंगर चढवत नाही. घरी बसून टोपल्या विणतो. वीटभट्टीवर आता त्याच्याशिवाय, दिराच्या कुटुंबाबरोबर ती जाते. सांगताना तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला काहीतरी सांगायचं होतं, ह्यांनी चौकशीत काय सांगितलं, त्यामुळे आमचं काय झालं. पण तिच्यासमोर ते कसं सांगायचं, मला सुचेना.

करवंदं पिशवीत घालून देताना तिने विचारलं, "आणि तुझा माणूस? नीट चालतो ना?"

"चालतो," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली.

साखरशेतची गाडी लागली होती. मी खिडकीशी बसले. करवंदं मांडीवर तशीच होती, एकही तोंडात घालवेना.