सोमवार धरायचा नाही

मेश्राम सिस्टरांकडे कोणीही काहीही घेऊन गेलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कधी?" एखादा कामगार कापलेलं बोट धरून दारात उभा राहिला, तरी त्यांचा हात कापसाकडे जायचा आणि तोंडातून निघायचं, "कब हुआ?" माझं पोट एकदा बिघडलं, तेव्हा काय खाल्लं हे विचारायच्या आधी त्यांनी केव्हा खाल्लं हे विचारलं. सांगता आलं नाही, की बाकावर बसवून ठेवायच्या. "आठवा आरामात, मी कुठं जाऊन राहिली?" असं म्हणून त्या पुन्हा आपल्या कामाला लागायच्या.

मानेसरच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तयार होत. मी तिथे एचआरमध्ये, म्हणजे लोकांच्या हजेऱ्या, रजा आणि रुसवेफुगवे सांभाळायला. सिस्टर कारखान्याच्या हेल्थ रूममध्ये. त्या मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याला केंद्र सरकारची नोकरी लागली म्हणून दिल्लीला आल्या, एका मोठ्या इस्पितळात वीस वर्षं वॉर्ड सांभाळला आणि मग आमच्याकडे आल्या. उंची जेमतेम पाच फूट, घट्ट अंबाडा आणि हिवाळ्यात एकावर एक दोन स्वेटर. अख्ख्या कारखान्यात मराठी बोलायला मला त्या एकट्याच होत्या, त्यामुळे माझा दुपारचा चहा त्यांच्याकडेच व्हायचा.

करोनाच्या तिसऱ्या लाटेतला जानेवारी होता. लोकांची भीती चेपली होती आणि टेस्टच्या किटचे खोके माझ्या कपाटात सर्दीच्या गोळ्यांसारखे पडून होते. त्या सोमवारी माझी गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून संध्याकाळी कंपनीच्या बसने गुरुग्रामला निघालो. बाहेर धुकं आणि कडाक्याची थंडी, त्यामुळे सगळ्या खिडक्या गच्च लावलेल्या. शेजारी स्टोअरमधला यादव बसला होता. तो दोनदा खोकला, मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून जो झोपला, तो थेट गुरुग्राम येईपर्यंत. उठवणं माझ्या जिवावर आलं.

मंगळवारी सकाळी यादवचा फोन आला. रात्रीतून ताप चढला होता आणि टेस्ट पॉझिटिव्ह होती.

मला आधी आठवले ते घरी असलेले बाबा. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्यावर मूत्रपिंडाचं रोपण झालं होतं. दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या चालू होत्या. "साधी सर्दीसुद्धा यांच्यापर्यंत पोचू देऊ नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून पुण्याचं घर बंद करून ते आमच्याकडेच राहत होते.

बसमधल्या आम्हा चौदा जणांची दुपारीच टेस्ट केली. सगळे निगेटिव्ह निघाले. आमचे प्लँट हेड मल्होत्रा खूश झाले. "बढ़िया. सिस्टर से फिट लिखवा लो, कल से सब लाइन पे." माझा आनंद तर त्यांच्याहून मोठा होता. मी चौदा नावांचा कागद टाइप केला, त्यात स्वतःचं नाव सगळ्यात वर घातलं आणि हेल्थ रूममध्ये गेलो.

सिस्टरांनी कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "यावर मी सही नाही करणार."

"अहो सिस्टर, सगळे निगेटिव्ह आहेत."

"असतीलच ना, बाप्पा. काल संध्याकाळी पेरलं, ते आज दुपारी उगवते का कुठं? विषाणू अंगात शिरला तरी टेस्टमध्ये दिसण्याइतका वाढायला त्याला काही दिवस द्यावे लागतात. आजची तुमची टेस्ट निगेटिव्ह नाही, साहेब. आजचं उत्तर फक्त 'माहीत नाही'."

मग त्यांनी हिशेब सांगितला. पूर्ण पाच दिवस जाऊ द्यायचे आणि मग टेस्ट करायची. ती निगेटिव्ह आली तरी अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा एकदा. तोवर मास्क, वेगळी खोली, वेगळं ताट. "अन् मधातच घसा धरला, अंग तापलं, तर दिवस मोजत नका बसू. त्याच घडीला टेस्ट."

चौदा माणसं आठवडाभर कामावर नसणं म्हणजे लाइन अर्धी बंद. मल्होत्रांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेबांसमोर भलेभले इंजिनिअर पाणी पाणी होताना मी पाहिले होते. सिस्टरांनी शांतपणे कागद टेबलावर ठेवला आणि शेजारी पेन ठेवलं. "सर, साइन आप कर दीजिए. बस इतना लिख दीजिए कि एक दिन में पता चल जाता है." मल्होत्रांनी पेनाकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "पाटणकर, दूसरी शिफ्ट से आदमी देखो." पेन जसंच्या तसं सिस्टरांच्या खिशात परत गेलं.

मी त्या दिवसापासून कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये राहिलो. बाकीचे आपापल्या सोयीने वेगळ्या खोल्यांवर राहिले. सिस्टर रोज सकाळी चौदा फोन करायच्या. मला त्यांचा जरा रागच आला होता. घरी बायको एकटी बाबांच्या गोळ्या आणि पथ्यपाणी बघत होती. बाबा रोज फोनवर विचारायचे, "अरे, मग आज येतोस ना?" रोपणानंतर ते लहान मुलासारखे झाले होते. मी समोर बसल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

शुक्रवारी संक्रांत होती. मी बोटांवर मोजलं, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र. पाच. सकाळी उठून स्वतःच टेस्ट केली. निगेटिव्ह. घसा ठीक, ताप नाही. बायकोला फोन करून सांगितलं, पोळ्यांना लाग, मी येतोय. बाबांनी मागून तिच्या हातातला फोन घेतला आणि नुसतं "ये रे" म्हणाले. मी कॅब बोलावली, बॅग भरली आणि फाटकाशी येऊन उभा राहिलो.

सिस्टर तिथे कशा पोचल्या देव जाणे. बहुधा चौकीदाराने सांगितलं असावं. लांबूनच त्यांनी विचारलं, "पाचवा दिवस कसा मोजला, साहेब?"

मी बोटं दाखवली.

"सोमवार काहून धरला?"

"म्हणजे? सोमवारीच तर यादव शेजारी होता."

"म्हणून तर तो शून्य. ही काय बाळाची पाचवी पुजायची आहे, जन्माचा दिवस धरून मोजायला? सोमवारी संध्याकाळी तुम्ही त्याच्याजवळ बसले. एक दिवस पुरा झाला तो मंगळवारी. आज चौथा. पाचवा उद्या."

खरं सांगायचं तर मी भडकलो. बारसं, तेरावा, पाचवी, आम्ही जन्मभर पहिला दिवस धरूनच मोजत आलो आणि या बाई आज मला अंकगणित शिकवताहेत. मी म्हटलं, "सिस्टर, एका दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे? आज सण आहे. माझे वडील वाट बघताहेत."

"तीळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या भावानं दुसऱ्याच दिवशी टेस्ट केली होती. निगेटिव्हचा कागद खिशात घालून आईले भेटायला गेला. आई गेली माझी. तो अजूनही माझ्या डोळ्याला डोळा देत नाही." मी काही बोलायच्या आत त्या कॅबवाल्याकडे वळल्या. "भैया, गाड़ी वापस ले जाओ. साहब आज नहीं जाएँगे."

कॅब गेली. मी बॅग घेऊन खोलीत परतलो आणि बाबांना फोन केला. ते रुसले आणि बोललेच नाहीत. त्या दुपारी मी सिस्टरांना मनातल्या मनात जे जे म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी स्वतः माझी टेस्ट घेतली. पट्टीवर पहिली रेघ आली. मग अगदी फिकट, पण स्वच्छ दिसेल अशी दुसरी. मी खुर्चीत बसलो. आदल्या दिवशी गेलो असतो, तर शुक्रवारची अख्खी रात्र मी बाबांच्या पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपत काढली असती. सिस्टरांनी पट्टी पिशवीत टाकली, हात धुतले आणि म्हणाल्या, "घरी कोणालाच नाही गेलं. जिंकलो की नाही, साहेब?" मी रडत होतो आणि हसतही होतो.

चौदांपैकी सहा जण त्या शनिवारी पॉझिटिव्ह निघाले. सोमवारी पुन्हा टेस्ट केली तेव्हा आणखी दोघे. त्यातल्या एकाची बायको आठव्या महिन्यात होती आणि तो पूर्ण आठवडा मित्राच्या खोलीवर राहिला होता. आठांपैकी एकाच्याही घरात दुसरा माणूस आजारी पडला नाही. मल्होत्रांनी माझ्याकडूनच नोटीस काढून घेतली. लागण झाल्याचा संशय असेल, तर कामावर केव्हा यायचं हे सिस्टर ठरवतील, कुठल्याही साहेबाची सही चालणार नाही. ती नोटीस टाइप करताना मला फार बरं वाटलं.

दोन वर्षांनी सिस्टर निवृत्त होऊन नागपूरला जायला निघाल्या. निरोपाचा कार्यक्रम कँटीनमध्ये होता. बाबांनी आठवडाभर आधी हट्ट धरला, मलाही यायचंय. ते मला घेऊन चालत कँटीनभर फिरले, मशीनवरच्या पोरांशी बोलले. कोणी मागितलं नसताना माईक हातात घेतला. उभ्या आयुष्यात ते कधी चार माणसांसमोर बोलले नव्हते आणि त्यांची हिंदी म्हणजे आनंदच होता.

"ये सिस्टर ने मेरे लड़के को मेरे घर आने नहीं दिया," ते म्हणाले. "मैं बहुत गुस्सा था. तीन दिन फोन पे बात नहीं किया."

कँटीन हसलं. सिस्टर पदराने चष्मा पुसत होत्या. बाबांनी माईक माझ्याकडे दिला, दोन्ही हात जोडले आणि मराठीतच म्हणाले, "बाई, त्या दिवशी त्याला घरी सोडलं असतंत, तर आज मी इथे नसतो."

मग दोनशे माणसं उभी राहिली आणि टाळ्या किती वेळ चालल्या, हे कोणी मोजलं नाही.