कुलपात ठेवलेला पास

दहावीतल्या एका मुलीचा एसटीचा मोफत पास मी तिच्या हातातून काढून घेतला, शाळेतल्या माझ्या कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून तीन आठवडे पुण्याला निघून गेले. हे मी अल्लड वयात केलं असतं तर खपून गेलं असतं. पण तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते. केस पिकलेले, नाकावर चष्मा, आणि अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

आता मी आजी आहे. माझ्या फजितीच्या गोष्टी नातवंडांना तिखटमीठ लावून सांगायची मला वाईट खोड आहे. ही एक मात्र त्यांना कधी सांगितली नाही. सुरुवातीला थोडं हसू येतं, पुढे येत नाही. म्हणून सुरुवातीपासूनच सांगते.

दिंडोरी रस्त्यावरच्या एका गावात आमचं हायस्कूल होतं. मी नाशिकला इंदिरानगरात राहायची आणि रोज सकाळी निमाणी स्टँडला येऊन एसटी पकडायची. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, पण तो काही झाडाला लागत नाही. शाळेनं यादी करायची, मुलगी अमुक गावची आणि तमुक वर्गातली असा दाखला द्यायचा, फोटो चिकटवायचे, शिक्के मारायचे आणि गठ्ठा डेपोत पोचवायचा. जूनच्या पहिल्या मीटिंगमध्ये हे काम कोण घेणार असं विचारलं की सगळे छताच्या पंख्याकडे बघायला लागायचे. मी मात्र हात वर करायची. सेवाभाव वगैरे काही नव्हता. मला शिक्के मारायला आवडायचं.

गावातल्या फोटोवाल्याकडे मोत्याच्या कानातल्यांचा एकच जोड होता. पासाचा फोटो काढायला येईल त्या मुलीच्या कानात तो तेच मोती अडकवायचा. त्यामुळे माझ्या गठ्ठ्यात साठ मुली असल्या तरी कानातली एकच. प्रत्येकीच्या फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा असा शिक्का मी मारायची, आणि तो न फिसकटता उमटला की स्वतःवरच खूश व्हायची. डेपोतला पासखिडकीवरचा कारकून एकदा म्हणाला, "मॅडम, तुमची यादी म्हणजे चोख काम." ते वाक्य मी घरी येऊन नवऱ्याला भाजी फोडणीला टाकताना ऐकवलं, जेवताना ऐकवलं आणि अंथरूण घालताना पुन्हा काढलं. तो म्हणाला, "अगं, आता फ्रेम करून लाव."

आणि ही चोख बाई स्वतः कोण? मी मूळची चांदवडची. कॉलेजला नाशिकला यायचे तेव्हा माझ्याकडेही सवलतीचा पास होता. एकदा त्याची मुदत संपली. नवा काढायचा कंटाळा, म्हणून चार दिवस मी तारखेवर अंगठा दाबून तोच दाखवत राहिले. चौथ्या दिवशी कंडक्टर माझ्या अंगठ्याकडे बघून म्हणाला, "पोरी, अंगठा दुखत नाही का गं?" आणि पुढे गेला. मला उतरवलं नाही की चारचौघांत शोभा केली नाही. असं कुणी आपल्याला सोडून दिलं की माणूस पुढे दुसऱ्याला सोडून द्यायला शिकतो म्हणतात. मी काही शिकले नाही.

ती मुलगी सुरगाण्याकडची. आईवडील आधी भात काढून झालं की डोंगर उतरून हंगामापुरते द्राक्षबागांच्या कामाला यायचे. मग एका बागाईतदाराने त्यांना वर्षभरासाठी ठेवून घेतलं आणि मुलगी आठवीला आमच्या शाळेत आली. बारीक अंगाची, फार न बोलणारी, गणितात बरी. आई शाळेची पायरी न चढलेली, पण पोरीला दहावी करायचंच म्हणून बसली होती. त्यांच्या खानदानात दहावीच्या परीक्षेला बसणारी ही पहिलीच. तिचा पास त्या बागेच्या गावापासून शाळेपर्यंतचा होता. माझ्याच शिक्क्याचा.

ती दहावीत असताना जानेवारीत त्या बागाईतदाराने जुनी बाग तोडून टाकली. बिऱ्हाड दुसऱ्या बागेत गेलं, त्याच रस्त्यावर दोन स्टॉप पुढे. शाळेपासून सात किलोमीटर.

मला हे कळलं ते संक्रांतीनंतर. दिंडोरीला नणंदेकडे हळदीकुंकू होतं. रात्री तिथेच राहिले आणि सकाळच्या बसने थेट शाळेला निघाले. नवी साडी, मांडीवर नणंदेनं वाण म्हणून दिलेलं स्टीलचं पातेलं. एका स्टॉपवर ही मुलगी चढली, कंडक्टरला पास दाखवला, त्याने मान हलवली.

"काय गं, तू इथून कशी?" मी विचारलं.

"बाई, आता हितंच राहतो आम्ही. तिकडची बाग मोडली."

"आणि पास?"

तिने पास पुढे केला.

"यावर गाव कुठलं लिहिलंय? वाच. मोठ्यानं वाच."

तिने वाचलं. दुधाच्या किटल्या घेतलेले दोघे, भाजीवाली बाई, कॉलेजची पोरं, सगळी बस ऐकत होती. कंडक्टर म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम. दोन स्टॉपचा तर फरक. रोजची पोरगी हाय."

"तुम्ही तुमचं काम करा," मी म्हटलं. आता पास तपासणं हे त्याचंच काम. ते मी करत होते आणि त्यालाच त्याचं काम करायला सांगत होते. भाजीवाली म्हणाली, "आवो, पोरीला बसू तर द्या आधी." मी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. आणि मग त्या मुलीला जे बोलले ते अजून माझ्या कानात आहे. "फुकट मिळतं म्हणून काय वाटेल ते करायचं? ही फसवणूक आहे, कळतं का?"

म्हणे फुकट! ती रविवारी दिवसभर आईबरोबर द्राक्षांचे घड औषधात बुडवत असायची, हात निळे-हिरवे व्हायचे. आणि माझ्या मांडीवर पातेलं होतं, ज्याला मी एक पैसा मोजला नव्हता.

मी पास काढून घेतला. मनात होतं की दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन गाव बदलून आणावं. मनात होतं हे खरं, पण तिला ते सांगितलं नाही. चोख बाईंना तिला दोन दिवस धाकात ठेवायचं होतं. म्हणून नुसतं म्हटलं, "आता हा माझ्याकडे राहील."

त्याच दुपारी जावयांचा पुण्याहून फोन आला. माझ्या मुलीला तारखेआधीच दवाखान्यात नेलं होतं. मी पास कपाटात ठेवला, कुलूप लावलं, रजेचा अर्ज खरडला आणि पळाले. मला नात झाली. मग काय, मी शाळा विसरले, डेपो विसरले, सगळं विसरले. डिंकाचे लाडू, बाळाची मालिश, टाळू भरणं, यात दिवस कसे गेले कळलं नाही. मध्ये एकदा मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच का? काही लागण्यासारखं आहे का त्यात?"

"नाही हो सर, काही महत्त्वाचं नाही," मी म्हटलं. तेव्हा माझ्या हातात दुपटं होतं.

एका शनिवारी मी परत शाळेत आले, नात झाली म्हणून बर्फीचा डबा घेऊन. दहावीचे जादा तास साडेसातला असायचे. मी सातलाच पोचले, तर ही मुलगी पायरीवर बसलेली. एरवी ती बसने यायची तेव्हा दहा मिनिटं उशीर ठरलेला. मला फार बरं वाटलं. बोलणी कशी लागू पडतात! वर्गात मी तिला उभं केलं आणि म्हणाले, "हिच्याकडे बघा. बसचा उशीर, बसचा उशीर म्हणून रोज रडगाणं गायची ही. आता सगळ्यांच्या आधी हजर. ठरवलं तर जमतं की नाही?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी काहीतरी बोलायला गेली, शेजारणीने तिला कोपर मारलं. ही म्हणाली, "हो बाई," आणि खाली बसली.

शाळा सुटल्यावर बर्फी वाटायला ताटली हवी होती म्हणून कपाट उघडलं. वरच्याच कप्प्यात पास होता. फोटोवर माझा अर्धा शिक्का.

पहिल्यांदा वाटलं काय माहीत आहे? हिने दुसरा पास काढला असणार. माणूस स्वतःला वाचवायला किती पटकन धावतो! बाहेर शिपाईमामा वर्गांना कड्या घालत होते. त्यांना विचारलं, "मामा, ती मुलगी येते कशी हो?"

"कशी म्हंजे? चालत. अंधारातच निघती घरून. मी बी आता लवकर येतो गेट उघडायला, पोर थंडीत किती उभी राहील?" मग ते माझ्या हातातल्या पासाकडे बघत म्हणाले, "म्हंजे तुमाला ठावं नव्हतं व्हय? परवा धुक्यात टेम्पोचा धक्का बसता बसता वाचली. आई म्हणती, आता बास झाली शाळा. सोमवारपासून नाय यायची. आज वह्या परत करायला आलती पोरींच्या."

मी फाटकापर्यंत धावले. माझं धावणं म्हणजे पदर एकीकडे, पर्स एकीकडे. रस्त्यावर कुणी नव्हतं. परीक्षा महिन्यावर आलेली.

तशीच डेपोत गेले. खिडकीवर तोच कारकून. त्याने पास घेतला, जुन्या गावावर रेघ मारली, नवं गाव लिहिलं, सही केली, शिक्का मारला. चहा अर्धा संपायच्या आत काम झालं. "एवढंच ना मॅडम? पोरीच्या हाती चिठ्ठी दिली असती तरी करून दिलं असतं," तो म्हणाला. मी त्याला नेहमीसारखं धन्यवादही म्हटलं नाही.

रविवारी सकाळी बागेत गेले. माल काढायला सुरुवात झाली होती. मुलगी कात्रीने घड काढत होती, आई भरलेले क्रेट डोक्यावर घेऊन शेडकडे नेत होती. मी वाटेत उभी राहिले तर आई मला वळसा घालून गेली. मग मी तिच्या मागे मागे, साडी वर खोचून, ढेकळांतून. ती जाताना बोलायचं आणि ती येताना बोलायचं, असं चाललं होतं.

"चूक माझी झाली," मी म्हटलं. तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारत होते, त्यामुळे ते नीट बाहेरही येईना. "पास आणलाय. नवं गाव लिहून आणलंय. तिला उद्यापासून पाठवा."

आई क्रेट खाली ठेवून उभी राहिली. "बाई, पोरी शिकवा म्हणून दारोदार तुमीच सांगत फिरता. आन् गाडीत बसलेल्या पोरीचा पास बी तुमीच काढून घेता. आमी कोणचं ऐकायचं?"

मी पर्समधून पास काढून तिच्यापुढे धरला.

"धुक्यात पोर अंधारात जायची," ती म्हणाली, "तवा मी चुलीपुढं बसून टेम्पोचे आवाज मोजायची. एक पास उद्या परत कुणी काढून घेतला, मंग?"

"नाही घेणार."

"लिवून द्या."

क्रेटमध्ये घालायचे कागद पडले होते. त्यातल्या एकावर मी लिहिलं की हा पास या मुलीचाच आहे आणि तो कुणीही, मीसुद्धा, काढून घेणार नाही. खाली सही केली. आईने कागद मुलीपुढे धरला. मुलीने तो वाचून दाखवला. आईने तो घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला, पास मुलीच्या हातात दिला, आणि क्रेट उचलून पुन्हा चालायला लागली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मी समजायचं ते समजले.

मुलगी सोमवारी बसमधून उतरली, दहा मिनिटं उशिरा. दहावीचे सगळे पेपर तिने दिले. पास झाली, फार मार्कांनी नाही. त्या तीन आठवड्यांत ती जादा तासाला बाकावर झोपायची, असं इंग्रजीच्या सरांनी मला नंतर सांगितलं. "मला वाटलं, मोबाइल बघत जागते," ते म्हणाले. ते मार्क कुणी घालवले हे मला माहीत आहे.

पण त्या रविवारी ती मला स्टॉपपर्यंत सोडायला आली होती. पायात रबरी चप्पल, एका टाचेला चिंधी बांधलेली. बस येईना. मी गप्प बसायचं, तर तेही जमलं नाही. म्हटलं, "अगं, मी नव्हते, पण बाकीचे सर होते, मुख्याध्यापक होते. कुणाला तरी सांगायचंस ना. काल मी वर्गात एवढं बोलले, तेव्हा तरी सांगायचंस."

ती रस्त्याकडे बघत होती. माझ्यावर चिडलेली वाटत नव्हती. विचारलं म्हणून सांगावं तसं तिने सांगितलं:

"बाई, मला वाटलं ती शिक्षा हाय. किती दिवसांची ते तुम्ही सांगितलं नव्हतं, म्हणून मी चालत होते."