शेजारच्या खुर्चीतल्या बाई

मी ग्रंथपाल आहे. एकतीस वर्षं एका कॉलेजच्या लायब्ररीत काढली. भुताखेतांची पुस्तकं आली की त्यांच्यावर कथांचा क्रमांक घालायचा आणि कथांच्याच कपाटात लावायची, एवढंच माझं या विषयावरचं मत होतं. या सदरातले अनुभवही मी तसेच वाचत आलो. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसताना संकोच वाटतोय. चार कागद फाडून झालेत.

नलिनी माझी बायको. शाळेत गणित शिकवायची. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो... म्हणजे मी अजून राहतो.

तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं आणि कॅन्सर आहे, बराच पसरलाय, असं सांगितलं. आमची मुलगी मुक्ता बंगळूरला असते. ती फोनवर रडत म्हणाली, "बाबा, आईला सांगू नका. ती खचेल." खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटलं.

घरी येऊन मी काय केलं? हॉस्पिटलच्या फाईलवर विभागाचं नाव छापलेलं होतं. मी तिला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं, लायब्ररीत घालतो तसं, कोपरे नीट दुमडून. वर लेबल चिकटवलं – 'नलिनी : अल्सर'. दर तिसऱ्या बुधवारी केमो असायची. तिला आम्ही 'ताकदीचं सलाईन' म्हणायचो. इमारतीवरची पाटी काही मला झाकता येत नव्हती, म्हणून तिथून आत शिरताना मी सारखं काहीतरी बोलत राहायचो.

केस गळायला लागले तेव्हा तिनं कंगवा माझ्यासमोर धरला.

"ताकदीच्या सलाईननं केस जातात वाटतं?"

"काहींचे जातात."

"अच्छा. ताकदीला बाहेर पडायला वाट लागत असेल."

हा तिचा त्या दिवसांतला शेवटचा टोमणा. नंतर ती बोलायचीच थांबली. जेवण नाही, झोप नाही. पेपरातलं गणिती कोडं कधी चुकवत नसे, त्याच्याकडे बघेनाशी झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दुपारी उठली तर गॅलरीचा कठडा धरून खालच्या पार्किंगकडे बघत उभी राहायची, बराच वेळ. एकदा मी हाक मारली तर तिनं वळूनही पाहिलं नाही. त्या संध्याकाळी मी गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली कुठे आहे हे तिनं विचारलं नाही. कुलूप का, हेही विचारलं नाही.

डॉक्टरांना मी तिच्या रक्तातल्या पेशींबद्दल विचारायचो. तिच्याबद्दल कधी विचारलं नाही.

मलाही बोलायला कुणी नव्हतं. म्हणून एक वही केली. सकाळी पोळ्यावाल्या मावशी तिच्याजवळ थांबायच्या, तेवढ्यात मी लायब्ररीत जाऊन चार ओळी लिहायचो. वही तिथेच, मागच्या खोलीत, जुन्या बांधीव अहवालांच्या मागे ठेवायचो. ते अहवाल वर्षानुवर्षं कुणी मागितलेले नाहीत, आणि खोलीची किल्ली फक्त माझ्याकडे.

केमोच्या खोलीत नातेवाइकांना सोडत नाहीत. आम्ही बाहेर बाकावर. चौथ्या खेपेला नलिनी बाहेर आली आणि रिक्षात बसल्यावर आपण होऊन बोलली.

"शेजारच्या खुर्चीत एक बाई असतात. छान बोलतात."

"कोण? कुठल्या?"

"नाही विचारलं. तिथं नावगाव विचारून काय करायचंय?"

"मग बोलता काय?"

"त्याच विचारतात मला. भीती वाटते का म्हणून."

मी रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागलो.

पाचव्या खेपेला रिक्षा कर्वे पुतळ्यापाशी सिग्नलला थांबली होती. ती म्हणाली, "दीड चमचा."

"काय?"

"तुमच्या चहाला साखर. दीड चमचा लागते. त्या बाई म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांना त्याची काळजी लागून राहिलीय."

दोनच दिवसांपूर्वी मी वहीत लिहिलं होतं – 'चौतीस वर्षं चहा तिनं केला. ती गेल्यावर साखर किती घालायची हे मला कोण सांगणार? अशा वेळी असल्या गोष्टीची भीती वाटते, याची लाज वाटते.'

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन पाहिलं. वही जागच्या जागी होती. झोपेत बडबडलो असेन, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग, माझ्या स्वभावाप्रमाणे, तपासून बघायचं ठरवलं. सहाव्या केमोच्या दिवशी तिला दारातून आत सोडलं आणि तसाच रिक्षानं लायब्ररी गाठली. वहीत एकच ओळ लिहिली – 'नलू, तुला ठाऊक आहे का?' खोलीला कुलूप लावून परत बाकावर येऊन बसलो.

ती चालत बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हो. पहिल्या दिवसापासून. अहो, अल्सरच्या फाईलला कुणी कव्हर घालतं का?"

मी तिला बाकावर बसवलं आणि आत धावलो. सिस्टरना म्हटलं, त्या शेजारच्या बाईंना मला भेटायचंय.

"कोणत्या बाई, काका?" सिस्टर म्हणाल्या. "काकूंच्या एका बाजूला भिंत आहे. दुसऱ्या बाजूची खुर्ची दिवाळीपासून मोडलीय, तिथे कुणाला बसवतच नाही. आणि काकू तर इंजेक्शन दिलं की झोपूनच असतात."

खुर्चीची पाठ एका बाजूला कलंडली होती. सीटवर घडी केलेल्या चादरींचा ढीग होता.

त्यानंतर आम्हाला सव्वीस दिवस मिळाले. ते गोड होते असं कुणी समजू नये. पहिल्याच संध्याकाळी ती ओरडून रडली – "मला मरायचं नाहीये हो! तुम्ही सगळे इतके शहाणे झालात की मला घाबरायलाही जागा ठेवली नाहीत." खालच्या मजल्यावरच्यांनी येऊन बेल वाजवली. मी दार उघडलं नाही. मग तिनं गॅलरीची किल्ली मागितली.

"उडी नाही मारत. मारणार होते, तुम्ही कुलूप घातलंत. आता फक्त ऊन खायचंय."

मी किल्ली दिली. रोज सकाळी तिच्याशेजारी बसलो. ती घाबरायची आणि तसं सांगायची. मीही सांगायचो. दुसरा काहीच उपाय आमच्याकडे नव्हता.

ती गेली तेव्हा मी खाली औषधांच्या दुकानात होतो. बारा मिनिटं. वर आलो तर सगळं संपलेलं होतं.

त्याच आठवड्यात मी वहीत लिहिलं – 'नलू, त्या बारा मिनिटांत तुला भीती वाटली का?'

याला पाच महिने झाले. दर तिसऱ्या बुधवारी मी त्या बाकावर जाऊन बसतो. खुर्ची आता दुरुस्त झालीय, तिच्यात पेशंट बसतात. माझ्याकडे येऊन कुणी काही सांगत नाही. इंजेक्शनची गुंगी होती, स्वप्न होतं, हे मला मान्य आहे. पण साखर? आणि वहीतली ती ओळ? ग्रंथपालाच्या कुठल्याच कपाटात हे बसत नाही. मी मांडणी करून थकलो.

तुमचं कुणी माणूस अशा खोलीत जात असेल आणि बाहेर येऊन शेजारच्या बाईंबद्दल बोलायला लागलं, तर त्याला झोपेत होतास म्हणून गप्प करू नका. आणि पुढच्या खेपेला त्या बाईंना एवढा निरोप द्यायला सांगा... कोथरूडच्या नलिनीच्या मिस्टरांनी वहीत एक प्रश्न लिहून ठेवलाय. ते अजून वाट बघतायत.