कडब्याची गाडी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते जालन्याच्या सरकारी गोदामावरच्या सुभेदारसाहेबांचे. पलटणीतून निवृत्त होऊन ते तिथे गोदामपाल झाले होते. मी आमच्या घरातला पहिला बीए, पुरवठा शाखेत नवा कारकून.

त्या टंचाईच्या वर्षी जाफराबादकडच्या खडीकामावर मजुरीची ज्वारी पाठवायची होती. गाड्यांची यादी मी केली, प्रत्येक गाडीवर पोती बरोबर लावली. गाड्या हसनाबादेतच अडल्या. वाटेत चारा कुठेच नव्हता, बैल बसले. कामावरच्या बायका दोन दिवस रिकामी फडकी घेऊन घरी गेल्या.

"काय बीए, बैल तुमची डिग्री खाणार होते का?" सुभेदारसाहेब म्हणाले. मग पोत्यांच्या थप्पीला टेकून त्यांनी वाळवंटातल्या लढाईत कैद झालेल्या, पुरवठा बघणाऱ्या एका जर्मन अधिकाऱ्याची गोष्ट सांगितली. जर्मनांच्या स्टाफात लढाईचा बेत आखणारा वरचढ, दाणापाणी बघणारा त्याच्या खालचा. आधी बेत ठरायचा, मग याला कळवायचे.

"लॉऱ्या नेतील ते पेट्रोल वाटेत लॉऱ्याच पिऊन टाकतील, असं त्यानं लिहून दिल्तं. कागद फाईलीत राह्यला, फौज वाळूत."

"मग तो बैठकीत बोलला का नाही?"

"कागद लिहिला की काम झालं, वाटलं त्याला. शिकलेला होता ना, तुमच्यासारखा."

पुढे मंठ्याच्या कामासाठी तसाच हुकूम निघाला. तहसीलदारसाहेबांनी धान्य पोचायची तारीख वर कळवूनही टाकली होती. माझी नोकरी हंगामी, घर माझ्यावर. तरी बैठकीत उभा राहिलो.

"साहेब, या तारखेला होत नाही. तीन गाड्यांमागे एक कडब्याची हवी. दुसऱ्या खेपेला उरलेली ज्वारी जाईल."

"तुम्हाला कोणी विचारलं?"

कडबा मिळाला. हंगाम संपल्यावर नव्या नेमणुकांत माझं नाव नव्हतं. गावी परतून मी हे पत्र टाकलं:

"सुभेदारसाहेबांस सा. न. मंठ्याला ज्वारी उशिरा पोचली, पण सगळी पोचली. बैलही परत आले. मला घरी बसवलं आहे. राग नाही, फार थकलो आहे. वडिलांना सुट्टी म्हणून सांगितलं, त्यांनी पुढे विचारलं नाही. तुमचे उपकार फिटायचे नाहीत. एकच विनंती. माझ्या जागी जो येईल त्याला त्या जर्मनाची गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा. गाड्या निघायच्या आधी."